जखमी जनावर, बंदूक आणि बोअर

उपचाराने वाचण्याची आशा संपलेल्या जनावराला वेदनेविना मरण देण्यासाठी जगभर तीन साधने वापरली जातात : इंजेक्शन, कॅप्टिव्ह बोल्ट (गोळीऐवजी पोलादी दांडा मारणारे) पिस्तूल आणि बंदूक. भारतात यांतले पहिले सर्वमान्य आहे. दुसरे गावपातळीवर जवळजवळ दिसतच नाही. तिसऱ्याची गरज क्वचित पडते, पण पडते तेव्हा ते हाताळणाऱ्याला पुरती माहिती नसते आणि त्याची किंमत जनावर मोजते. बंदूक कोणत्या बोअरची असावी, हा या माहितीतला एक भाग आहे. तो समजून घेण्यासाठी आंबेगाव तालुक्यातले कळंब आणि त्याच्या आजूबाजूचा जुन्नर-आंबेगावचा पट्टा सोयीचा आहे, कारण हा प्रश्न ज्या ज्या रूपांत उभा राहतो ती सगळी रूपे इथे एकत्र सापडतात.

कळंब घोड नदीच्या काठी, पुणे-नाशिक महामार्गावर, मंचर आणि नारायणगावच्या मध्ये आहे. महामार्गावर रात्री वाहनाची धडक बसून गुरे, कुत्री, कधी बिबटेही जबर जखमी होतात. गोठ्यागोठ्यात संकरित गाई आणि म्हशी आहेत. बैलगाडा शर्यतींचे घाट याच मुलखात आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून ते पुन्हा गजबजले आहेत. पावसाळ्यानंतर नगर-नाशिकच्या बाजूने मेंढपाळांचे वाडे घोडी आणि कुत्र्यांसह उतरतात. भोवताली ऊस आणि उसात बिबट्या. कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ असल्याने त्यांत बिबट्याही पडतो, गाय-वासरूही पडते.

वेदनारहित मरण म्हणजे काय, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. वेदना जाणवते ती मेंदूला. मेंदूचे काम एका क्षणात थांबले तर त्यापुढे शरीरात जे घडते ते जनावराला कळत नाही. म्हणून दयामरणाची कसोटी दोन भागांची आहे : शुद्ध तात्काळ जावी आणि ती परत येण्याआधी हृदय व श्वास कायमचे थांबावेत. गोळीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की ती कवटी भेदून मेंदूत शिरली पाहिजे आणि शक्यतो मेंदूच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभापर्यंत पोहोचली पाहिजे. श्वास आणि हृदयाचे नियंत्रण तिथून होते. छातीत, पोटात किंवा मानेत लागलेली गोळी जनावर मारते, पण लगेच नाही. हृदयाला थेट गोळी लागली तरी मेंदूतला प्राणवायू संपेपर्यंत काही सेकंद शुद्ध राहते. दावणीला बांधलेल्या किंवा जमिनीवर पडलेल्या जनावराला हे काही सेकंद भोगायला लावण्याचे कारण नसते.

आता बोअर. बंदुकीच्या नळीचा आतला व्यास म्हणजे बोअर किंवा कॅलिबर. रायफल आणि पिस्तुलात तो इंचाच्या दशांशात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. .२२ म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर, .३१५ म्हणजे आठ, .३७५ म्हणजे साडेनऊ. छर्ऱ्यांच्या बंदुकीची पद्धत वेगळी आणि जुनी आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर भरतो. म्हणजे इथे आकडा वाढला की नळी लहान होते. वीस बोअर बारापेक्षा अरुंद असते.

व्यासाच्या आकड्यावरून गोळीची ताकद मात्र कळत नाही. भारतात परवान्यावर मिळणारी दोन हत्यारे शेजारी ठेवली की हे दिसते. .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३१५ रायफल. दोन्हींच्या गोळीची रुंदी जवळपास सारखीच, आठ मिलिमीटरच्या आसपास. पण रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात दारू चिमूटभर असते, रायफलीच्या लांब काडतुसात कितीतरी पट. परिणामी रिव्हॉल्व्हरची गोळी नळीतून बाहेर पडताना दोनशे ज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा घेऊन निघते, तर रायफलीची गोळी त्याच्या दहापटीहून अधिक. एक ज्यूल म्हणजे साधारण शंभर ग्रॅम वजन एक मीटर उचलायला लागणारी ऊर्जा. गोळीची ही ऊर्जा तिच्या वजनावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणून ‘कितीचा बोअर’ या प्रश्नाला ‘कोणते काडतूस’ ही जोड दिल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

किती ऊर्जा पुरेशी, याचा एक मापदंड अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनने दिला आहे. दयामरणासाठीच्या तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुमारे १८० किलोपर्यंतच्या जनावराला नळीच्या तोंडाशी किमान ४०७ ज्यूल आणि त्याहून जड जनावराला किमान १,३५६ ज्यूल ऊर्जा लागते. शेळी, मेंढी, वासरू, कुत्रा पहिल्या गटात येतात. पूर्ण वाढलेली गाय, बैल, म्हैस, घोडा दुसऱ्या गटात. यामागचे कारण कवटीत आहे. बैलाच्या कपाळाचे हाड जाड असते आणि त्याच्या दोन थरांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. कमी ताकदीची गोळी वरचा थर फोडते, पोकळीत शिरते आणि तिथेच थांबते. जनावर रक्तबंबाळ होते, भेदरते, दोर तोडते, आणि त्याची शुद्ध जागेवर असते.

या मापाने गावात आढळणारी हत्यारे तपासता येतात. .२२ रायफलचे साधे काडतूस सव्वाशे ते दोनशे ज्यूलच्या आत-बाहेर असते. लहान, पातळ कवटीच्या जनावराला अगदी जवळून आणि अचूक जागी ते चालते असा अनुभव आहे, पण वरचा मापदंड ते गाठत नाही. मोठ्या बैलाला किंवा म्हशीला .२२ वापरणे ही क्रूरताच ठरण्याची शक्यता अधिक. .३२ रिव्हॉल्व्हरलाही हेच लागू. तो स्वसंरक्षणासाठी परवान्यावर घेतलेला असतो, घरात सहज हाताशी असतो आणि म्हणूनच या कामाला तो चुकून वापरला जाण्याचा धोका मोठा. पोलिसांकडचे ९ मिलिमीटर पिस्तूल पाचशे ज्यूलच्या आसपास जाते. पहिल्या गटाला ते पुरते, दुसऱ्याला नाही. .३०३, ७.६२ मिलिमीटर आणि ९ मिलिमीटर ही बोअर सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाहीत. ती लष्कर, पोलीस आणि तत्सम दलांसाठी राखीव आहेत. नागरिकांसाठीची .३१५ रायफल त्यामुळेच भारतात रुजली. ती ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनते.

रायफलीची ताकद कुठल्याही बैलाला भरपूर पुरते. तिची अडचण उलटी आहे. पोलिसी रायफलीची गोळी पूर्ण तांब्याच्या कवचाची असते. ती कवटीच्या आरपार जाते आणि पलीकडच्या माणसाला, जनावराला किंवा दगडाला लागते. सिमेंटच्या गोठ्यात, दगडी बांधकामाच्या विहिरीत किंवा गर्दी जमलेल्या महामार्गावर अशी गोळी कुठे उसळेल याचा नेम नसतो. जखमी जनावराभोवती पाच मिनिटांत पन्नास माणसे जमतात हे आपल्याकडचे वास्तव आहे. त्या घोळक्यात रायफल झाडणे म्हणजे जनावराची सुटका करताना माणसाचा जीव धोक्यात घालणे.

राहते बारा बोअर. ही बंदूक खेडोपाडी परवान्यावर आढळते. शस्त्र कायदा १९५९ मध्ये संरक्षण आणि क्रीडेसाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीच्या गुळगुळीत बंदुकीची, तसेच पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. बारा बोअरच्या काडतुसात तीसेक ग्रॅम शिशाचे छर्रे असतात. दहा-वीस मीटरवर ते पसरतात आणि एकेकटे छर्रे कमजोर पडतात. परंतु नळीपासून काही इंचांवर ते अजून पसरलेले नसतात. सगळे मिळून एकाच घणासारखे कवटीवर बसतात, हाड फोडून आत गेल्यावर विखुरतात आणि मेंदू पूर्ण उद्ध्वस्त करतात. एकत्रित ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या वर जाते, म्हणजे मोठ्या जनावराच्या मापाहून बरीच जास्त. शिवाय बारीक छर्रे कवटीबाहेर क्वचितच पडतात. मध्यम ते बारीक, म्हणजे चार, पाच, सहा नंबरचे छर्रे यासाठी योग्य मानले जातात. एकसंध गोळीचे म्हणजे ‘स्लग’चे काडतूस मात्र आरपार जाऊ शकते. तोलून पाहिले तर खेड्यातल्या परिस्थितीत पाळीव जनावरासाठी सगळ्यात भरवशाचे हत्यार हे साधे बारा बोअरच आहे. महागडी मोठ्या बोअरची रायफल यात काही भर घालत नाही. ठासणीची बंदूक मात्र या कामाची नाही. तिच्यात दारू आणि शिसे किती भरले यावर सगळे अवलंबून असते, आणि पहिला बार फसला तर दुसरा भरेपर्यंत जनावर तडफडत राहते.

हत्याराइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची गोष्ट म्हणजे नेम कुठे धरायचा. ‘दोन डोळ्यांच्या मधोमध’ हा लोकांच्या मनातला समज चुकीचा आहे. तिथे मारलेली गोळी मेंदूच्या खालून नाकाच्या पोकळीत जाते. गाय-बैलाच्या कपाळावर प्रत्येक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून विरुद्ध बाजूच्या शिंगाच्या बुडापर्यंत एक रेघ मनात ओढायची. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो नेम. घोड्यात शिंगाऐवजी विरुद्ध बाजूच्या कानाचे बूड धरतात आणि छेदबिंदूच्या किंचित वर नेम घेतात. शिंगे असलेल्या शेळ्या-मेंढ्यांत कपाळाचे हाड जाड असल्याने डोक्याच्या मागून, शिंगांच्या मागच्या खळग्यातून हनुवटीच्या दिशेने नेम धरतात. कपाळावर नेम धरताना नळीची दिशा मानेच्या कण्याकडे ठेवतात, म्हणजे मेंदूतून पुढे गेलेली गोळी किंवा छर्रे शरीरातच राहतात.

म्हशीची गोष्ट निराळी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. पाश्चात्त्य पुस्तकांतले आराखडे गाईवर बेतलेले आहेत. म्हशीची कातडी जाड, कपाळाचे हाड भक्कम, हवेच्या पोकळ्या मोठ्या आणि मेंदू पृष्ठभागापासून खोल. गाईला चालणारे कॅप्टिव्ह बोल्ट पिस्तूलही म्हशीच्या कपाळावर अनेकदा अपुरे पडते, असे पशुवैद्यकांचे निरीक्षण आहे. पंढरपुरी म्हशीची लांब, पाठीकडे गेलेली शिंगे पाहता शिंगांच्या रेघांचा हिशेबही तिथे जुळत नाही. म्हणून म्हशीसाठी बंदुकीचा विचार करायचाच झाला, तर मापदंडाच्या किमान आकड्यावर न थांबता अधिक ताकदीचे काडतूस आणि अनुभवी पशुवैद्यकाचा नेम दोन्ही लागतात.

नळी कपाळाला टेकवायची नाही. टेकवली तर दारूचा वायू कोंडून नळी फुटू शकते आणि बंदूक धरणाऱ्याचा हात जातो. थोडे अंतर हवे. रायफलीला एक ते दोन फूट, छर्ऱ्यांच्या बंदुकीला काही इंच. जनावराचे डोके स्थिर असावे. ओळखीच्या माणसाने हळू बोलत म्होरकीला बांधलेला दोर हाती ठेवावा, पण तो माणूस गोळीच्या रेषेत नसावा. जनावराला शेवटच्या क्षणी भिववणे हेही क्रौर्यच आहे.

गोळी योग्य लागली की जनावर जागच्या जागी कोसळते. आधी पाय ताठ होतात, मग काही वेळ झाडले जातात. हे पाहून बघणारे ‘अजून जीव आहे’ म्हणतात आणि घाबरून दुसरी गोळी घालायला सांगतात. पण पाय झाडणे ही कण्यातल्या मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते, तिला शुद्धीची गरज नसते. खरी तपासणी वेगळी आहे. श्वास नियमित लयीत चालू आहे का, हे बरगड्यांवरून पाहायचे. बुबुळाला हलके बोट लावायचे. पापणी मिटली नाही, डोळा स्थिर व निस्तेज दिसला, तर शुद्ध गेलेली आहे. पापणी मिटली, जनावर मान उचलू लागले, हंबरले, तर क्षणही न दवडता दुसरी गोळी. हृदय काही मिनिटे धडधडत राहू शकते. ते पूर्ण थांबल्याची खात्री स्टेथोस्कोपने झाल्यावरच मृत्यू नोंदवायचा असतो. दुसरे काडतूस भरून तयार ठेवल्याशिवाय पहिले झाडायचे नाही, ही या कामातली पहिली शिस्त.

गोळीचा नेम चुकण्याचा किंवा ती उसळण्याचा धोका टाळण्यासाठीच शतकभरापूर्वी वेगळी साधने निघाली. बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या बंदूक-कारखान्याने घंटेच्या आकाराचे तोंड असलेले ‘ह्युमेन किलर’ बनवले. ते कपाळावर नेमक्या कोनात बसवून वरच्या टोकाला ठोका दिला की .३१० बोअरची गोळी सुटते. जर्मनीतल्या श्ट्राउबिंगच्या कत्तलखान्याचे संचालक डॉ. ह्यूगो हाइस यांनी १९०३ मध्ये कॅप्टिव्ह बोल्टची कल्पना मांडली. त्यात गोळीच नसते. बिनगोळीच्या काडतुसाच्या जोराने पोलादी दांडा पुढे येतो, कवटीत शिरतो आणि परत नळीत जातो. उसळी नाही, आरपार नाही. मात्र दांडा जनावराला बेशुद्ध करतो, मारत नाही, असे धरूनच पुढे रक्तस्राव किंवा औषध यांनी मृत्यू आणावा लागतो. या पिस्तुलाची काडतुसे .२२ किंवा .२५ म्हणून ओळखली जातात, पण तो आकडा काडतुसाचा आहे, गोळीचा नाही. जनावराच्या वजनानुसार काडतुसातली दारू बदलते आणि तिच्यासाठी रंगाची खूण असते.

भारतात मात्र मुख्य मार्ग इंजेक्शनचा. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३च्या नियमांत असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला पात्र पशुवैद्यकानेच शिरेतून सोडियम पेंटोबार्बिटल देऊन किंवा इतर मान्य दयाळू पद्धतीने मरण द्यावे, एका कुत्र्यादेखत दुसऱ्याला देऊ नये, असे म्हटले आहे. गुरांनाही आधी भूल आणि मग औषधाचा मोठा डोस हीच पद्धत. घोड्याची वा बैलाची शीर शोधायला जनावर शांत लागते. वेदनेने लाथा झाडणाऱ्या जनावराला आधी गुंगीचे औषध स्नायूत द्यावे लागते आणि ते चढेपर्यंत काही मिनिटे जातात. तरीही गर्दीच्या ठिकाणी हाच मार्ग सुरक्षित.

इंजेक्शनची एक गोष्ट जुन्नर-आंबेगावला विशेष लागू पडते. पेंटोबार्बिटल दिलेले कलेवर उघड्यावर टाकले, तर त्यातले मांस खाणारे कुत्रे, कोल्हे, गिधाडे आणि बिबटेही मरू शकतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या अंशामुळे गिधाडे संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले. हा धडा ताजा आहे. बंदुकीने मारलेल्या जनावरात औषध नसते, पण शिशाचे कण असतात आणि तेही मांसभक्षी पक्ष्यांना विषारी. मार्ग कुठलाही असो, मेलेले जनावर ओढ्याकाठी न टाकता खोल खड्ड्यात पुरले पाहिजे. बिबट्याला गावाच्या कडेशी येण्याची सवय लागू नये, यासाठीही ते गरजेचे आहे.

बिबट्याच्या बाबतीत तर बोअरचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. धरणे आणि कालव्यांमुळे ऊस वाढला, उसात बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला, गावातली कुत्री, शेळ्या, वासरे भक्ष्य म्हणून मिळाली. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रात पकडलेले आणि जखमी बिबटे ठेवले जातात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या अनुसूची १ मध्ये बिबट्या आहे. त्याला ठार मारण्याचा लेखी आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तोही प्राणी माणसाच्या जीवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका अपंग वा रोगी असेल तर, आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे, दुसरीकडे हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्यावर. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूने झालेली हत्या गुन्हा नाही, एवढा अपवाद कायद्यात आहे.

महामार्गावर कणा मोडलेल्या बिबट्याचे काय? तो हलू शकत नसला तरी पंजा आणि दात शाबूत असतात. अशा वेळी गावकऱ्याची बारा बोअर हे उत्तर नाही. वनविभागाचा पशुवैद्यक दुरून डार्ट मारून गुंगी देतो. डार्ट गनलाही बोअर असतोच. ११ आणि १३ मिलिमीटरच्या नळ्या प्रचलित आहेत आणि त्या दाबाच्या वायूवर चालतात. इथे ताकद कमी ठेवण्याची कसरत करावी लागते, कारण जास्त जोराचा डार्ट बिबट्याची मांडी फोडू शकतो. गुंगी चढल्यावर क्ष-किरण तपासणी, आणि बरे होणे अशक्य ठरले तर आदेश घेऊन इंजेक्शन.

नरभक्षक ठरलेल्या प्राण्याला गोळी घालण्याच्या प्रसंगासाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या वाघांसंबंधी कार्यपद्धतीत बोअरचा स्पष्ट उल्लेख आहे. हत्यार .३७५ मॅग्नमपेक्षा कमी नसावे, ते निष्णात विभागीय कर्मचाऱ्याच्या हाती असावे, असा माणूस नसेल तर अधिकृतपणे नेमलेल्या बाहेरच्या तज्ज्ञाच्या. .३७५ मॅग्नम हे हॉलंड अँड हॉलंडचे १९१२चे काडतूस. जवळजवळ वीस ग्रॅमची गोळी आणि साडेपाच हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा. बिबट्या वाघाच्या तिसऱ्या हिश्श्याचा, पन्नास-सत्तर किलोचा. त्याच्या पातळ कातडीला एवढी ताकद लागत नाही. वाघासाठी मात्र ती का मागितली, हे समजण्यासारखे आहे. अंधारात, हलत्या, अंगावर येणाऱ्या दीडदोनशे किलोच्या जनावराच्या मेंदूचा नेम कुणालाच धरता येत नाही. नेम छातीचा असतो, आणि पहिल्याच गोळीत खांदा मोडून हृदय-फुप्फुसापर्यंत पोहोचायचे असते. जखमी होऊन झाडीत गेलेला वाघ किंवा बिबट्या दुसऱ्या दिवशी शोधणाऱ्या माणसाचा जीव घेतो आणि स्वतःही कुजत मरतो. गोठ्यातल्या बैलासाठी आणि नरभक्षकासाठी वेगवेगळा बोअर लागतो याचे कारण जनावराच्या वजनात कमी आणि अंतर व हालचालीत जास्त आहे.

अशा प्राण्याला गोळी घातल्याचे दोन प्रसंग महाराष्ट्राच्या आठवणीत ताजे आहेत. यवतमाळ जिल्ह्यातली टी-१ उर्फ अवनी ही वाघीण तेरा मृत्यूंसाठी जबाबदार धरली गेली. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करावा, तो फसला तरच गोळी, असा आदेश होता. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती गोळीने मारली गेली. तिच्या अंगावर डार्ट आढळला, पण तो आधी लागला की नंतर, तो भरणारा अधिकृत पशुवैद्यक होता का, असे प्रश्न उभे राहिले आणि प्राधिकरणाच्या चौकशीत कार्यपद्धतीच्या त्रुटी नोंदल्या गेल्या. गोळीच्या ताकदीबद्दल मात्र कुणाची मुख्य तक्रार नव्हती. दुसरा प्रसंग आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातला. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन मुले होती. लोक रस्त्यावर उतरले. मारण्याचा आदेश निघाला, आणि वनविभागाच्या सांगण्यानुसार डार्ट फसून बिबट्या पथकावर चालून आल्यावर त्याला गोळ्या घातल्या गेल्या. गुंगीचे औषध चढायला मिनिटे लागतात, चालून आलेल्या बिबट्याला सेकंद पुरतात. म्हणून डार्टवाल्याच्या शेजारी रायफलवाला उभा असावाच लागतो.

पाळीव जनावराच्या बाबतीतही गोळी कुणी घालायची हे कायद्याने ठरवलेले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याचे कलम १३ यासाठी आहे. साध्या पोलीस शिपायाला हा अधिकार नाही. त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला जबर जखमी किंवा रोगी जनावर दिसले, ते हलवणेही क्रूर ठरेल अशी अवस्था असेल आणि मालक हजर नसेल किंवा संमती देत नसेल, तर त्याने पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावायचे. जनावर प्राणांतिक जखमी आहे किंवा त्याला जिवंत ठेवणे क्रूर आहे असा दाखला पशुवैद्यकाने दिला, की दंडाधिकाऱ्याचा आदेश घेऊन त्याला मारता येते. कायद्याला मान्य असलेला क्रम असा आहे. त्यात परवानाधारक शेजाऱ्याची बंदूक कुठेही येत नाही. दुसऱ्याचे जनावर मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. गाय, बैल आणि वळू यांना राज्याच्या १९७६च्या पशुसंरक्षण कायद्याचे, २०१५च्या दुरुस्तीनंतर अधिक कडक, संरक्षण आहे. त्यामुळे गोवंशाबाबत पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या लेखी दाखल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

या सगळ्या चौकटीत एक दुखणे राहते. जनावर मारणे पाप, म्हणून पडलेल्या गाईला किंवा बैलाला ‘त्याच्या नशिबाने जाईल’ म्हणत दिवसेंदिवस तसेच ठेवले जाते. मागचे पाय गेलेली जड गाय एकाच कुशीवर पडून राहते. अंगाखालची कातडी सडते, जखमांत किडे होतात, कावळे डोळ्यांना टोचतात, आणि तिला शुद्ध असते. वर्षानुवर्षे राबलेल्या जनावराला असे पडू देणे ही माया नाही. तिच्यासाठी बंदूक शोधत बसू नये, पण डॉक्टरला बोलावण्यात एक दिवसही घालवू नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, जखमी बिबट्या किंवा कुठलाही वन्यप्राणी दिसला तर वनविभागाचा १९२६. घरातल्या बारा बोअरला हात लावण्याआधी हे दोन क्रमांक लावावेत, आणि मदत येईपर्यंत जनावराला सावली, पाणी आणि गर्दीपासून आडोसा द्यावा.